भरधाव कोण?

‘भरधाव ट्रकची दुचाकीला धडक, दोघे ठार.’ मराठी दैनिकाच्या जिल्हा पानावर या घडणीचे वाक्य नाही असा आठवडा क्वचितच जातो. ट्रकच्या जागी कधी कार येते, कधी टँकर, कधी वाळूचा डंपर. दुचाकीच्या जागी पादचारी येतो, शेतमजूर येतो, शाळेतून परतणारे मूल येते. पहिला शब्द तेवढा बदलत नाही. हे पुस्तक त्या शब्दापाशी थांबते. ‘भरधाव’ म्हणजे नेमके किती? ते कोणी ठरवले? आणि भरधाव होते ते कोण: वाहन, चालवणारा, की आणखी कोणी?

शब्दार्थाचा हा विषय प्रथमदर्शनी कोशकाराचा वाटेल, आणि तो तसा आहेही. पण या शब्दांवर गुन्हे नोंदले जातात, खटले उभे राहतात वा कोसळतात, मृताच्या घरच्यांना भरपाई मिळते वा नाकारली जाते. २०२२ साली भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मेली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या त्या वर्षीच्या अहवालात यांपैकी ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंपुढे कारण म्हणून ‘अतिवेग’ लिहिले आहे. इतक्या मृत्यूंचा भार ज्या शब्दावर टाकला, तो शब्द तपासायलाच हवा.

मराठीत वेगाच्या शब्दांची चणचण कधीच नव्हती. मोल्सवर्थने आपला मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये सिद्ध केला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. या दोन आवृत्त्यांच्या मधे, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. मोटार यायला अजून पुष्कळ अवकाश होता. तेव्हा मराठी माणसाला जमिनीवर जो वेग ठाऊक होता तो पायांचा, खुरांचा आणि वाऱ्याचा. म्हणून ‘भरधाव’मध्ये धाव आहे, ‘चौखूर’मध्ये चार खूर आहेत आणि ‘सुसाट’ सोसाट्याच्या वाऱ्याच्या नात्यातला आहे. क्रियापदेही जनावरांचीच: घोडा दामटायचा, पिटाळायचा, बैल हाकायचे, हाणायचे. मोटार आली तेव्हा तिच्यासाठी नवी क्रियापदे घडवण्याच्या फंदात कोणी पडले नाही. आजही ड्रायव्हर मंडळी गाडी ‘दामटतात’ आणि ‘हाणतात’. रस्त्याकडेच्या जुन्या पाट्यांवर ‘वाहने सावकाश हाका’ असेच लिहिलेले असे, आणि गाडीला हाकायला बैल कुठे आहेत, असे ते वाचताना कोणाच्या मनातही येत नसे. ‘ताणली’, ‘पिळली’, ‘टॉपला टाकली’ हे मात्र खास यंत्रयुगातले. दुचाकीचा अॅक्सिलरेटर मुठीने पिळल्याशिवाय ‘पिळणे’ या अर्थाने सुचलेच नसते. ‘बुंगाट’ त्याहून नवा, कॉलेजच्या पोरांचा, आणि तो ऐकताना इंजिनाचा आवाज कानात येतो.

मनाची अवस्था सांगणारे शब्द दुसऱ्या वाटेने आले. ‘बेफाम’मधला ‘फाम’ म्हणजे फहम, समज. ‘बेदरकार’मधली दरकार म्हणजे पर्वा. बेपर्वा, बेफिकीर, बेलगाम हे त्याच घराण्यातले. फारसीचा ‘बे’ मराठीत इतका रुळला, की परका वाटेनासा झाला. यांतला ‘बेलगाम’ पुन्हा घोड्याकडेच बोट दाखवतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

घोडा आणि बैल यांचा हा वारसा निरुपद्रवी नाही, हे मला या प्रस्तावनेत आग्रहाने मांडायचे आहे. जनावराला स्वतःची इच्छा असते. ते बुजते, उधळते, मालकाला जुमानत नाही. उधळलेल्या बैलाने कोणाला तुडवले तर दोष काही अंशी बैलाचा, काही अंशी दैवाचा मानण्यात अर्थ होता. मोटार उधळत नाही. तिचा वेग पायाखालच्या पट्टीवर ठरतो आणि तो पाय माणसाचा असतो. तरीही आपले वाक्य अजून उधळलेल्या बैलाचेच आहे: भरधाव ट्रकने चिरडले, कारने उडवले, डंपरने बळी घेतला. चालक वाक्यात आलाच तर ‘चालकाचे नियंत्रण सुटल्याने’ अशा षष्ठीत येतो. नियंत्रण आपोआप सुटते. तो कर्ता होत नाही. त्याच्या पुढच्या वाक्यात ‘काळाने घाला घातला’ आले, की माणूस बातमीतून पुरता निघून जातो.

पोलीस ठाण्यातली मराठी याहून वेगळी आहे, आणि या पुस्तकातला सर्वांत मोलाचा भाग मला तिच्याविषयीचा वाटतो. महाराष्ट्रातल्या अपघाताच्या फिर्यादी ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना हे वाक्य तोंडपाठ असेल: आरोपीने ‘आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, भरधाव वेगात चालवून’ अमुक यास धडक दिली. येथे माणूस कर्ता आहे आणि वाहन त्याच्या ताब्यात आहे. बातमीदाराने गाळलेला चालक हवालदाराने जागेवर ठेवला आहे. पण तेच वाक्य शब्दशः शेकडो फिर्यादींत उतरत गेले, की त्याची साक्ष म्हणून किंमत घटते. घाटात उलटलेला ट्रक, गल्लीत पोराला लागलेली रिक्षा आणि महामार्गावर मागून आदळलेली बस या तिन्हींना तेच चार शब्द लागले, तर त्यांतून कोणत्याच घटनेचे विशेष कळत नाही.

या वाक्यातल्या ‘अविचार’ आणि ‘हयगय’ यांचा उगम १८६० च्या भारतीय दंडसंहितेत आहे. तिचे कलम २७९ सार्वजनिक रस्त्यावर वाहन हाकणाऱ्याला आणि स्वारी करणाऱ्याला एकत्रच धरते, कारण ते लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बग्गी आणि घोडेस्वार होते. हयगयीने मृत्यू घडवण्याचे कलम ३०४-अ त्यात १८७० मध्ये घातले गेले. ‘अविचार’ म्हणजे धोका दिसत असून तो पत्करणे आणि ‘हयगय’ म्हणजे घ्यायला हवी ती काळजी न घेणे, हा भेद अलाहाबाद उच्च न्यायालयाने १८८१ च्या इदू बेग खटल्यात स्पष्ट केला. पुढे मोटारींचे सगळे युग त्याच दोन शब्दांवर चालले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. कलमांचे आकडे बदलून २८१ आणि १०६ झाले, हयगयीने मृत्यू घडवण्याची कमाल शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली, पण ‘अविचार’ आणि ‘हयगय’ जागच्या जागी राहिले. त्या दोन्ही कलमांत ‘भरधाव’ला जुळणारा शब्द तेव्हाही नव्हता आणि आताही नाही. तो आपण बोलीतून आणून फिर्यादीत बसवला आहे.

त्याचे परिणाम न्यायालयात दिसतात. कर्नाटकात एक ट्रक उलटून पंधरा माणसे मेली. साक्षीदारांनी सांगितले, ट्रक फार वेगात होता. ‘कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश’ या १९९८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की ‘फार वेग’ ही सापेक्ष गोष्ट आहे; फार म्हणजे किती आणि त्या जागी तेवढा वेग अविचाराचा कसा, हे फिर्यादी पक्षाने पुराव्याने दाखवले पाहिजे; केवळ वेगात होता म्हणून हयगय सिद्ध होत नाही. आरोपीची निर्दोष सुटका कायम राहिली. हा निकाल पुढे असंख्य खटल्यांत बचावाच्या वकिलांनी वापरला. कायद्याच्या दृष्टीने न्यायालयाची मागणी रास्तच होती. पण त्या पंधरा घरांच्या बाजूने पाहिले, तर एका विशेषणावर भिस्त ठेवून तपास थांबला तर काय होते, ते इथे कळते. रस्त्यावर उमटलेल्या ब्रेकच्या खुणांची लांबी, वळणाचा कोन, धडकेनंतर वाहन किती अंतर गेले, गाडी किती चेपली, यांवरून वेग काढता येतो. पंचनाम्यात ही मोजमापे नसली, की ‘भरधाव’ एकटा पडतो आणि उलटतपासणीत टिकत नाही.

मोटार वाहन कायद्याची भाषा तिसरीच. १९८८ च्या कायद्यात वेगमर्यादेचे कलम ११२, ती ओलांडल्याच्या दंडाचे कलम १८३ आणि धोकादायक चालवण्याचे कलम १८४ अशी स्वतंत्र कलमे आहेत. येथे ‘अतिवेग’ म्हणजे ठरावीक आकड्याच्या पुढचा वेग, एवढेच. हा आकडा रस्त्यावरच्या माणसाच्या भीतीशी जुळतोच असे नाही. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेने शहर हद्दीत मोटारीसाठी ताशी ७० किलोमीटरची कमाल मर्यादा दिली. जागतिक आरोग्य संघटना शहरांसाठी ५० आणि माणसे चालतात तिथे ३० सुचवते. फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यानेही ३० चाच आग्रह धरला. स्थानिक मर्यादा केंद्राच्या मर्यादेहून कमी नसेल, तर पेठेतल्या रस्त्याने ताशी ६० ने गेलेली कार म्हातारीच्या लेखी भरधाव असते आणि कायद्याच्या लेखी मर्यादेत. या पुस्तकात ‘भरधाव’ आणि ‘अतिवेग’ वेगळे ठेवले आहेत ते यासाठी.

इतर भाषांनी हा प्रश्न कसा हाताळला, हे पाहिले की आपल्या शब्दसंग्रहातली उणीव ठळक होते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये गाडी बेफाम हाकणाऱ्या माणसाला ‘हून’ म्हणतात. मुळात गुंड, टवाळ अशा अर्थाचा हा शब्द. त्याचा उगम कोणाला नीट लावता आलेला नाही. तो गाडीला चिकटला आणि क्वीन्सलंडने २००२ मध्ये आणलेले गाड्या जप्त करण्याचे कायदे लोकांच्या तोंडी ‘हूनविरोधी कायदे’ झाले. जर्मनमध्ये ‘राझर’, त्यामागचे क्रियापद वेगाने जाणे आणि बेभान होणे या दोन्ही अर्थांचे, म्हणजे आपल्या ‘बेफाम’चा सख्खा भाऊ. फेब्रुवारी २०१६ मध्ये बर्लिनच्या कुरफ्युर्स्टेनडाम रस्त्यावर दोघांनी लावलेल्या शर्यतीत एक वृद्ध ठार झाला. पुढच्या वर्षी तिथल्या न्यायालयाने त्यांना खुनासाठी दोषी ठरवले आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये बेकायदा शर्यतीला गुन्हा ठरवणारे नवे कलम जर्मन दंडसंहितेत आले. फ्रेंचांनी ‘शोफर’लाच तुच्छतेचा प्रत्यय लावून ‘शोफार’ केले. जपानीत ‘बोसोझोकु’, म्हणजे बेभान धावणाऱ्यांची टोळी; तिथल्या कायद्याने १९७८ मध्ये अशा जथ्यांच्या वाहनबाजीवर बंदी घातली.

या चारही भाषांत नाव माणसाला आहे. मराठीत दारू पिऊन चालवणाऱ्याला ‘मद्यपी चालक’ म्हणतात, कसरती करणाऱ्याला ‘स्टंटबाज’ म्हणतात. ‘धूम’ चित्रपट २००४ मध्ये आल्यावर सोनसाखळी चोर ‘धूम स्टाईल’ पळू लागले. पण जो शुद्धीत आहे, कसरत करत नाही, चोरही नाही, केवळ रोज फार वेगाने चालवतो, त्याच्यासाठी रूढ नाम मला मराठीत सापडलेले नाही. ‘बेदरकार चालक’ आहे, पण ते विशेषण लावून केलेले काम. तोंडात बसलेला शब्द नव्हे. ज्याला समाज नाव देत नाही, त्याच्या वागण्याला तो दोष मानत नाही, असे मी या ठिकाणी ठामपणे म्हणतो.

उलट त्याचे कौतुक करणारी भाषा आपल्याकडे समृद्ध आहे. नवा पूल झाला, की ‘प्रवास सुसाट’. नवा मार्ग खुला झाला, की ‘आता सुसाट’. ‘भन्नाट’ तर शुद्ध प्रशंसाच. गप्पांतली बढाई वेगात मोजली जात नाही, वेळेत मोजली जाते: ‘पुणे-कोल्हापूर तीन तासांत मारलं.’ अंतर साधारण २३० किलोमीटर. म्हणजे टोलनाके, चहा आणि गावांतली गर्दी धरून सरासरी ७५ च्या वर. तेवढी सरासरी पडायला मोकळ्या पट्ट्यात काटा कुठवर न्यावा लागला असेल, याचा हिशेब ऐकणारा करत नाही. वेगाचा आकडा बोलण्यात आलाच नाही, त्यामुळे अपराधाची जाणीवही आली नाही.

रस्ते सुरक्षेच्या अभ्यासाची परंपरा इथे थोडक्यात सांगायला हवी, नाहीतर हे पुस्तक केवळ चालकाला पिंजऱ्यात उभे करण्यासाठी लिहिले आहे असा समज होईल. जुना पंथ चालकाच्या चुकीचा. १८९६ मध्ये इंग्लंडमधल्या केंट परगण्यात ताशी दोन मैलांच्या मर्यादेत आठ मैलांनी मोटार नेणाऱ्याला दंड झाला तेव्हापासून तो चालत आला. आपल्या ‘अति घाई, संकटात नेई’ या पाटीचे गोत्रही तेच: घाई तुझी, संकट तुझे. अमेरिकेत १९६५ मध्ये राल्फ नेडरने गाड्या बनवणाऱ्यांना जाब विचारला. विल्यम हॅडन या वैद्याने इजा हा साथीच्या रोगासारखा अभ्यासाचा विषय केला आणि धडकेपूर्वी, धडकेत व धडकेनंतर माणूस, वाहन, परिसर यांचे काय होते याचा तक्ता मांडला. मग स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये ‘व्हिजन झिरो’ स्वीकारले. माणूस चुकणारच, त्याच्या चुकीला मृत्यूची शिक्षा होणार नाही असा रस्ता आणि असा वेग ठरवणे हे व्यवस्थेचे काम, ही त्यामागची धारणा. स्वीडनच्याच नील्सन यांनी दाखवून दिले, की सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की प्राणघातक अपघात सुमारे चार टक्क्यांनी वाढतात. भारतात दिल्लीच्या आयआयटीतले प्रा. दिनेश मोहन, ज्यांचे २०२१ मध्ये निधन झाले, पोलिसांच्या रकान्यांतली ‘कारणे’ जशीच्या तशी मानू नका, असे सांगत असत.

शब्दांचा प्रश्नही या अभ्यासाने हाती घेतला. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २००१ मध्ये ‘अपघात’ला समांतर इंग्रजी शब्द आपल्या पानांवरून हद्दपार केला, कारण त्यातून टाळता न येणाऱ्या दैवाचा भास होतो. हा निर्णय मराठीत जसाच्या तसा आणता येईल असे मला वाटत नाही. ‘अपघात’ आपल्याकडे फार खोल रुजला आहे आणि विमा, पोलीस, रुग्णालय सगळीकडे तोच चालतो. पण त्याच्या आधी येणारे विशेषण आपल्या हातात आहे.

चालकापलीकडे व्यवस्थेकडे पाहणाऱ्या या दुसऱ्या पंथाचे ऐकले, की ‘भरधाव कोण?’ या प्रश्नाची उत्तरे वाढतात. वाळूचा हायवा चालवणाऱ्याला खेपेमागे पैसे मिळत असतील, तर त्याच्या पायाचा दाब मालकाच्या हिशेबाच्या वहीत ठरतो. दहा मिनिटांत किराणा पोचवण्याचे वचन देणारे दुचाकीवर बसत नाहीत. समृद्धी महामार्ग ताशी १५० च्या आराखड्याने बांधला आणि मोटारींना १२० ची मर्यादा दिली. सरळ, मोकळ्या रस्त्यावर चालकाच्या डोळ्यांना आराखडाच खरा वाटतो. नागपूर ते शिर्डी हा पट्टा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला, आणि ७०१ किलोमीटर सलग झाले. ‘भरधाव ट्रक’ म्हणताना आपण चालकालाच नव्हे, तर मालक, कंपनी, अभियंता आणि वेळापत्रक आखणारा या सगळ्यांनाच वाक्याबाहेर ठेवतो.

हा विषय आज का, याचे उत्तर बरेचसे यात आले. दोन गोष्टी आणखी. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका आलिशान कारने दोन तरुण अभियंत्यांचे प्राण घेतले. कार चालवणारा सतरा वर्षांचा असल्याचे पुढे आले, आणि जामिनासाठी त्याला अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहायची अट घातली गेली, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. गाडी, पब, वय, पालक, रक्ताचा नमुना, जामीन यांवर महाराष्ट्र कित्येक आठवडे बोलत होता. अशा वेळी ‘भरधाव कार’ हे दोन शब्द किती अपुरे पडतात ते सर्वांना दिसले. दुसरी गोष्ट कॅमेऱ्यांची. महामार्गावरचा कॅमेरा विशेषण लिहीत नाही, आकडा लिहितो. साक्षीपुराव्याच्या दृष्टीने ही मोठी प्रगती आहे. मात्र ई-चलान जाते ते वाहनाच्या क्रमांकावर, नोंदणीकृत मालकाच्या नावे. यंत्रही अखेर गाडीलाच ओळखते. गाडीमागचा माणूस शोधण्याचे काम माणसांनाच करावे लागते.

या पुस्तकाने जे केले आहे ते असे. कोश, फिर्यादी, निकालपत्रे, बातम्या, रस्त्यावरच्या पाट्या, जाहिराती आणि चालकांचे बोलणे यांतून वेगाचे शब्द गोळा केले. प्रत्येक शब्द कोण, कोणाविषयी, कोणत्या हेतूने वापरतो ते पाहिले. आणि तो वाक्यात कोणाला कर्ता करतो याची नोंद घेतली. शर्यतींचे शब्द, म्हणजे बैलगाडा शर्यतीतला ‘भिर्रर्र’, विदर्भातल्या शंकरपटाची बोली, यांना वेगळे प्रकरण आहे, कारण तिथे वेग हेच प्रयोजन असते आणि त्यामागे शेतकऱ्यांची पिढ्यानपिढ्यांची माया असते. ते शब्द रस्त्यावरच्या शब्दांच्या पंक्तीत बसवणे अन्यायाचे झाले असते. अपघातग्रस्त कुटुंबांची नावे कुठेही दिलेली नाहीत. प्रमाण मराठीच्या बाहेरच्या बोलींचा भाग कमी पडला आहे. कोकणी सीमेवरची, खानदेशी आणि वऱ्हाडी वाहनबोली अजून पुरेशी हाती आलेली नाही.

बातमीदारांना माझी विनंती आहे, की वाहनाऐवजी चालकाला वाक्याचा कर्ता करा आणि वेगाचा आकडा कळला असेल तर तो छापा. पोलीस मित्रांना सांगणे, की ‘भरधाव’ लिहिण्याआधी ब्रेकच्या खुणा मोजा. आणि वाचकांनो, तुमच्या गावात, तुमच्या डेपोत, तुमच्या ट्रक अड्ड्यावर वेगासाठी निराळा शब्द चालत असेल, आणि विशेषतः गाडीचे वर्णन न करता अशा चालकालाच नाव देणारा शब्द असेल, तर तो बोलणाऱ्याचे गाव आणि व्यवसाय यांच्यासह प्रकाशकांकडे कळवा. पुढच्या आवृत्तीत त्याची नोंद होईल.